कागदाची शेवटची ओळ

बोट लागणारी कोळ्याची पोर अख्ख्या मोऱ्यात एकच निघाली, आणि ती मी. नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी मोऱ्याहून मुंबईला जायची, तेव्हा तेवढ्याशा समुद्रातसुद्धा मी लिंबू हुंगत बसायची आणि शेजारच्या म्हावरेवाल्या बाया पदराआड हसायच्या. तांडेलाची लेक म्हणे! कारण त्याच मचव्याच्या सुकाणूवर माझा बा असायचा. तो हसायचा नाही, पण माझ्याकडे बघायचाही नाही. त्याला माझी लाजच वाटत असणार, असं मी तेव्हा धरून चालले होते.

मग इंजिनाच्या लाँची आल्या. शिडाच्या मचव्याला वाऱ्यासाठी थांबावं लागतं, लाँच कशालाच थांबत नाही. दोन वर्षांत बाच्या मचव्यात माणसांऐवजी कौलं आणि भाताची पोती यायला लागली, आणि मग तीही येईनात. चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस ओट्यावर बसून दुसऱ्यांची जाळी विणू लागला. मुंबईत पैसेवाल्या लोकांच्या शिडाच्या यॉटी असत आणि त्यांवर जाणकार माणसं ठेवत. बा तिथे दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळेला प्रश्न एकच: आधी कुठे काम केलंस, कागद दाखव. मोऱ्याच्या लोकांनी बाच्या हाती आपली पोरंबाळं सोपवली होती, ती तोंडी. कागद त्याला कुणी दिला नव्हता आणि त्यानेही कुणाकडे मागितला नव्हता.

ही गोष्ट एकोणीसशे साठच्या आतबाहेरची. आमच्या बाजूला नवी मुंबई म्हणायची पद्धत अजून पडायची होती. करावे हे माझं आजोळ, मोरा हे घर, मधे पाणी, एवढाच आमचा भूगोल. मी तेव्हा मुंबईच्या एका इस्पितळात नोकरीला होते. आमच्या वॉर्डात एक गोरी मडम टायफॉइडने सहा आठवडे पडून होती. ती आणि तिचा नवरा, दोघंच, पन्नाशी उलटलेली, स्वतःच्या यॉटमधून जग हिंडायला निघालेली. मुंबईहून त्यांना आफ्रिकेत मोंबासाला जायचं होतं, आणि तेही हिवाळ्यातला उत्तरेचा वारा आहे तोवरच. मडम उठून बसू लागली, पण पायांत जोर नव्हता. डॉक्टर म्हणाले, जायचंच असेल तर एक नर्स बरोबर न्या. मडमने माझ्याकडे बोट केलं.

सव्वीस वर्षांची, लग्न न झालेली पोर परक्या साहेबाच्या बोटीत महिनाभर! आमच्या आळीत काय काय बोललं गेलं असतं ते मी मनातल्या मनात ऐकून घेतलं आणि सांगितलं, मी येते, पण माझा बा बरोबर येईल. तुमची बायको सुकाणूवर बसू शकणार नाही, तुम्हाला माणूस लागणारच आहे.

साहेब आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "ये खाडी का आदमी है. बीस-पच्चीस दिन जमीन नहीं दिखेगा."

मी बाला सांगितलं. बा म्हणाला, "होडी फुटते ती जमिनीला लागून. जमीन नाय तं बराच की."

हे मी साहेबाला इंग्रजीत करून सांगितलं तेव्हा मडम खाटेवर खदखदून हसली, आणि तिथेच ठरलं. साहेबाने एक शब्द दिला: काम चांगलं केलं तर मोंबासाला उतरल्यावर सहीचा कागद देईन. तो दाखवला की मुंबईतली कुठलीही यॉट त्याला ठेवून घेईल. बा समुद्र ओलांडायला निघाला तो त्या कागदासाठी. हे आम्हा चौघांनाही ठाऊक होतं.

निघायच्या आधी मडमने आमच्या आईला बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा पाठवला. आता आमच्या आळीत कुणाचं भांडं रिकामं परत जात नसे. शेजारणीकडून कालवणाचं पातेलं आलं तर परत जाताना त्यात मूठभर तांदूळ तरी, नाहीतर मिठाचे चार खडे तरी. रिकामं भांडं देणारीला घर चालवता येत नाही असं सरळ धरलं जायचं. आईने बिस्किटं पोरांत वाटली, डब्यात गच्च सोडे भरले, त्याच्यावर दोन डझन नारळांचं पोतं चढवलं आणि बाबरोबर यॉटवर धाडलं. साहेबाने डब्याचं झाकण उघडलं आणि पटकन लावलं. नारळांचं पोतं बघून तो म्हणाला की ही यॉट आहे, माल वाहायची होडी नाही. बाने मान डोलवली आणि पोतं आपल्या बिछान्याखाली ढकललं.

पहिले चार दिवस मी मेल्यात जमा होते. पगारी नर्स बादलीत डोकं घालून पडलेली, आणि पेशंट तिच्या उशाशी बसून ओल्या फडक्याने तोंड पुसतेय. कपाळावर हात ठेवून मडम मला म्हणायची, "सिस्टर, आज जरा बरं वाटतंय का?" मला तिथल्या तिथे समुद्रात उडी घ्यावीशी वाटे. चौथ्या दिवशी बा खाली आला, माझ्या हातात सोड्याची कोरडी भाजलेली चटणी आणि भात ठेवला आणि म्हणाला, "खा. पोट रिकामा ठेवलास तं दर्या त्यात शिरतो." मी खाल्लं, आणि ते पोटात राहिलं. त्या दिवसापासून आजतागायत मला बोट लागलेली नाही.

उठून बाहेर आले आणि पहिल्यांदा माझा बाप नीट बघितला. मोऱ्याच्या मचव्यात मी कधी डोकं वर केलंच नव्हतं. साहेबाच्या यॉटवर होकायंत्र होतं, नकाशे होते, सूर्य मोजायचं पितळी यंत्र होतं, आणि साहेब ते सगळं उत्तम वापरायचा, खोटं कशाला बोलू. पण बा सुकाणूवर बसला की बोटीचा आवाज बदलायचा. साहेबाच्या हाती ती धडपडत चालायची, बाच्या हाती सरळ. तो शिडाकडे बघतही नसे. मानेला लागणारा वारा आणि बुडाखालून जाणारं पाणी एवढ्यावर त्याचं सगळं चाले. एकदा साहेब खाली नकाशावर वाकलेला असताना बा म्हणाला, "त्याला सांग, मोटा शीड उतरव. वारा येतोय." आकाश निरभ्र. साहेबाने वर येऊन चारी बाजूंना बघितलं, खांदे उडवले, तरी शीड निम्मं उतरवलं. आमचा चहा संपायच्या आत वारा असा आला की बशा जमिनीवर गेल्या. साहेबाने बाला विचारलं, कसं कळलं? बा म्हणाला, "मना काय म्हाईत? कळला." मला इतका अभिमान वाटला की त्या दिवशी मी साहेबाला दोनदा भात वाढला.

दिवस घड्याळावर चालत. चार तास साहेब सुकाणूवर, चार तास बा. मडमला जसजशी ताकद आली तसतशी ती बाच्या पाळीत येऊन बसू लागली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि दोघं तासन् तास बोलत. स्वयंपाक माझ्याकडे. चूल म्हणजे प्राइमसचा स्टोव्ह, दोन कड्यांवर टांगलेला, बोट कलली तरी तो सरळ राही. सरळ राहायची गरज मलाच होती, म्हणून साहेबाने मला कमरेला पट्टा लावून भिंतीला अडकवून ठेवलं होतं. साडी पाचवारी न्यायचा मूर्खपणा मी केलाच होता. दोन दिवसांत ती आईच्या लुगड्यासारखी काष्टा मारून नेसायला लागले, तेव्हा कुठे शिडीवरून चढता-उतरता येऊ लागलं. अंघोळ खाऱ्या पाण्याची. साबणाला फेस येत नसे, अंग दिवसभर चिकट. गोडं पाणी फक्त पिण्याला आणि शिजवण्याला, आणि भातातसुद्धा एक भाग समुद्राचं. सकाळी डेकवर उडणारे मासे पडलेले असत. बा ते साफ करून दोरीवर वाळत घालायचा. साहेब वाऱ्याची बाजू बघून बसायचा, पण कालवण झालं की ताट पुढे करायचा.

हे सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की साहेबाने एकदा जेवताना आपण होऊन सांगितलं, कागदात काय काय लिहिणार ते. मी बाला सांगितलं. त्याने मासा निवडता निवडता ऐकलं, पण त्या दिवशी तो डेक दोनदा धुताना दिसला.

बाराव्या दिवशी संध्याकाळी डावी टाकी संपली.

पाण्याच्या दोन टाक्या होत्या, बिछान्यांखाली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्या डेकवरच्या पितळी झाकणांतून भरायच्या. पंप डाव्या टाकीला जोडलेला. उजवीतलं पाणी लागलं तर मधला कॉक उघडायचा, की ते डावीत यायचं. उजवीतलं आम्ही सुरुवातीला थोडं वापरलं होतं, तरी ती पाऊण भरलेली होती, म्हणजे मोंबासापर्यंत पुरून उरली असती. साहेब मला म्हणाला, "कल सुबह कॉक खोलो." बाला मी एवढंच सांगितलं की डावी टाकी रिकामी झाली. कॉकचं सांगायचं मला सुचलं नाही. ते सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही.

मचव्यावर पाण्याचं पिंप लाकडाचं असतं. ते रिकामं झालं आणि तसंच उन्हात राहिलं तर फळ्या सुकतात, फटी पडतात, आणि पुढच्या खेपेला त्यात घोटभर पाणी टिकत नाही. म्हणून आमच्याकडची रीत अशी की पिंप संपलं की लगेच त्यात समुद्राचं पाणी भरायचं. फळ्या ओल्या राहतात, मचवाही एका बाजूला कलत नाही. बंदरात आलं की ओतून टाकायचं आणि धुवायचं. चाळीस वर्षं बाने हे केलं होतं, विचार न करता, जसं आपण दाराबाहेर चपला काढतो तसं. साहेबाच्या टाक्या पत्र्याच्या होत्या, त्यांना सुकणं माहीत नव्हतं. पण त्या बिछान्यांच्या खाली, फळ्यांच्या आड. बाने त्या कधी बघितल्याच नव्हत्या.

तेराव्या दिवशी उजाडताना बाची पाळी होती. बोट जराशी उजवीकडे कलतेय हे त्याला जाणवलं. त्याने सुकाणू बांधलं, बादलीला दोर लावला आणि डावी टाकी काठोकाठ भरली. मग मी उठले, कॉक उघडला, पंप मारला, चहा ठेवला. तो होईपर्यंत डावीतलं खारं पाणी उजवीत वाहत होतं.

पहिला घोट साहेबाने घेतला आणि थुंकला. मग मी घेतला. मग त्याने धावत जाऊन कॉक बंद केला आणि उजवीतलं पाणी काढून चाखलं, तर तेही खारं. एक दाणाही त्यात शिजवून खाता आला नसता. साहेब पांढराफटक पडला आणि मग लालबुंद झाला. त्याने मला विचारलं, हे कसं झालं?

मला तोवर कळून चुकलं होतं. बादली ओली होती, दोर ओला होता, आणि मी मचव्यावरच्या तांडेलाची लेक होते. डोळ्यांसमोर तो कागद उभा राहिला. मी इंग्रजीत बोलायला लागले. म्हटलं, टाकी फुटली असेल कुठेतरी, तळाशी एखादी चीर, जोराच्या वाऱ्यात बोट आपटली होती ना. नर्सचं इंग्रजी मोठं चांगलं असतं, आम्ही नातेवाइकांना रोज काहीबाही समजावून सांगत असतो.

बा सुकाणूवरून ओरडला, "काय झाला?"

"पाणी खारट झालंय," मी म्हटलं. "दोन्ही टाक्यांतलं."

तो पितळी झाकणाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मी भरला. डावीत. त्याला सांग."

"सांगितलं."

"काय सांगितलास?"

"तेच."

बाने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पोरगी लहानपणी खोटं बोलायची तेव्हा तिचं तोंड कसं व्हायचं हे त्याला माहीत असणारच. त्याने सुकाणू मडमच्या हाती दिलं, बादली उचलली आणि साहेबासमोर जाऊन उभा राहिला. बादली समुद्रात टाकली, भरून वर ओढली. डाव्या टाकीचं पितळी झाकण फिरवून काढलं आणि साहेबाच्या डोळ्यांदेखत त्यावर बादली कलती केली, ओतली मात्र नाही. मग बादली खाली ठेवून आपल्या छातीवर तळहात मारला. एकदा, आणि साहेब बघतोय ना हे पाहून पुन्हा एकदा.

खोटं माझं पकडलं गेलं होतं ते वेगळंच, पण त्या वेळी मला बाचा भयंकर राग आला. गप्प राहायला काय झालं होतं या माणसाला?

साहेबाने पितळी झाकण घट्ट फिरवून बसवलं. मग हिंदीत, बाला कळावं म्हणून सावकाश म्हणाला, "कागज खतम."

बा म्हणाला, "बरोबर हाय त्याचा," आणि सुकाणूवर परत गेला.

अडीअडचणीसाठी डेकवर पाण्याचे दोन बंद डबे बांधून ठेवलेले होते. चार माणसं आणि पुढचे बारा-तेरा दिवस, एवढंच पाणी. मागे फिरावं तर वारा तोंडावर. मडमने सगळ्यांना एका जागी बसवलं आणि मला म्हणाली, "सिस्टर, औषधाचा ग्लास आण." माझ्या पेटीत औंसाच्या रेघा असलेला काचेचा ग्लास होता. त्या दिवसापासून मी रोज सकाळी चौघांचं पाणी औषधासारखं मोजून दिलं. तिने मला खोट्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. फक्त तो ग्लास माझ्या हातात दिला, आणि मोजणारी मीच असेन हे ठरवून टाकलं. खोटं बोलणारीवरच तिने सगळ्यांच्या पाण्याचा भरवसा टाकला होता, हे मला मोंबासा आल्यावर कळलं.

बाचं पोतं बिछान्याखालून बाहेर आलं. रोज दोन नारळ फुटत. फोडल्यावर बा एक थेंब समुद्रात शिंपडायचा, उरलेलं पाणी पहिलं मडमला. माल वाहायच्या होडीबद्दल बोललेला साहेब पेला धरून रांगेत बसायचा. मला एक टोमणा मारायचा मोह झाला होता, पण घसा कोरडा असला की टोमणे सुचत नाहीत.

आणि बाने बोट चालवली. आधी चालवत होता त्याला चालवणं म्हणू नये असं वाटावं, अशी. आपली पाळी संपली तरी तो उठत नसे. साहेबाने दोनदा जाऊन झोपायला सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. वारा जरासा फिरला की बा शीड बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायचा. दुपारी साहेब नकाशावर पेन्सिलने खूण करायचा, आणि आदल्या खुणेपासूनचं अंतर रोज वाढत होतं. एका दुपारी साहेबाने पट्टी पुन्हा ठेवून पाहिली, मग वर जाऊन बाच्या शेजारी बसला. दोघं संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते.

अठराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बाचे ओठ फुटलेत. उन्हाने फुटतात तसे नाही. मी म्हटलं, "जीभ दाखव." त्याने आज्ञाधारक पेशंटसारखी जीभ काढली. कोरडी ठणठणीत.

"बा, पाणी पीत नाहीस तू."

"पितो की."

मी त्याच्या बिछान्याखाली हात घातला. साहेबाच्या सरबताची एक रिकामी बाटली तिथे फडक्यात गुंडाळून ठेवलेली, बूच घट्ट लावलेलं, निम्म्याच्या वर भरलेली. रोज स्वतःच्या वाटणीतून थोडं थोडं. मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वॉर्डातल्या हट्टी म्हाताऱ्यांशी मी बोलते त्याच्या दुप्पट आवाजात बोलले. चूक झाली ती झाली, आता उपाशी-तापाशी मरून दाखवणार आहेस का, आईला मी काय सांगू, वगैरे.

बा ऐकून घेत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "मरतोय कोन? दोन घोट कमी पितो. त्याची टाकी मी खराब केली. आता बंदरात ती रिकामीच देऊ व्हय त्याला?"

ही आईची रीत होती. शेजारणीच्या पातेल्याची. अडीच हजार मैलांच्या समुद्रात हा माणूस साहेबाच्या टाकीला शेजारणीचं पातेलं धरून बसला होता. मी माझ्या वाटणीतलं त्याला पाजायचा प्रयत्न केला, तर तो तोंड मिटून बसला. शेवटी मडमला सांगितलं. तिने दुसऱ्या दिवशीपासून बाचं पाणी स्वतः त्याच्यासमोर बसून त्याला प्यायला लावलं, पेला रिकामा होईपर्यंत उठत नसे. बा तिला नाही म्हणू शकत नव्हता. पण बाटलीतलं त्याने बाहेर काढलं नाही.

चोविसाव्या दिवशी सकाळी समुद्राचा रंग फिका झाला. बा म्हणाला, "चिखल हाय ह्यात." दुपारी किनारा दिसला, साहेबाच्या हिशेबापेक्षा एक दिवस आधी. मडम रडली. मीही रडले. बाने बंदरात आत शिरेपर्यंत सुकाणू सोडलं नाही.

नांगर पडला. सरकारी लाँच अजून यायची होती. बा खाली गेला, फडक्यातून बाटली काढली आणि उजव्या टाकीच्या पितळी झाकणाशी उकिडवा बसला. ती टाकी खाऱ्या पाण्याने भरलेली, रिकामी करून धुवायला लागणार होती, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. म्हणून त्याने झाकण उघडलं नाही. बाटली त्याच्या शेजारी, बोट हलली तरी पडणार नाही अशी टेकवून ठेवली. मग साहेबाला हाताने खूण केली: आधी धुवा, मग ही ओता. साहेब वाकून बाटलीकडे बघत राहिला. मडमने त्याला हळू आवाजात सांगितलं ती कशी भरली ते. मी दुसरीकडे बघत होते, त्यामुळे साहेबाचं तोंड कसं झालं हे मला सांगता येणार नाही.

आम्ही परतीच्या आगबोटीवर चढायच्या आदल्या दिवशी साहेबाने कागद दिला. टाइप केलेला, खाली सही. खतम म्हणाला होता, तरी दिला. बाला वाचता येत नव्हतं. बंदरावरच्या एका दगडी पायरीवर साहेबाशेजारीच बसून मी बाला एकेक ओळ मराठीत करून सांगितली. हा माणूस अव्वल दर्जाचा खलाशी आहे. वारा याला आधी कळतो. याच्याइतकं सुकाणू मला येत नाही. याला कुठल्याही बोटीवर, कुठल्याही समुद्रात न्यावं.

बाने विचारलं, "पान्याचा लिवलाय?"

"नाही," मी आनंदाने म्हटलं. "त्याने ते लिहिलंच नाही."

बाने कागद माझ्या हातातून घेतला, होता तसा घडी केला आणि साहेबापुढे धरला.

"त्याला सांग, ह्यो कागद दुसऱ्या कोनाचा हाय."

मी सांगेना. मी म्हटलं, "बा, वेडा आहेस का तू? याच्यासाठी आलो आपण." तो हात पुढे धरूनच उभा. शेवटी मी सांगितलं, आणि या वेळी खरं तेच सांगितलं, एक शब्द इकडेतिकडे न करता. साहेबाने बाकडे पाहिलं, कागद गुडघ्यावर ठेवला आणि सहीच्या खाली जी जागा उरली होती तिथे पेनने लिहिलं. बाला ते मी मराठीत असं सांगितलं: "याने वाटेत माझं सगळं गोडं पाणी नासवलं, आणि मी त्याला विचारायच्या आत त्यानेच मला सांगितलं."

मुंबईत पहिल्या ठिकाणी कारकुनाने कागद वरून खाली वाचला, शेवटच्या ओळीशी हसला आणि परत दिला. दुसऱ्या ठिकाणीही तेच झालं. घरी येऊन मी इस्पितळाची कात्री काढली. खालची बोटभर पट्टी कापली असती तर सहीसुद्धा शाबूत राहिली असती. बा जाळं विणता विणता म्हणाला, "काप. मंग नोकरी पन तूच कर." मी कात्री पेटीत ठेवली.

तिसऱ्या ठिकाणी एक म्हातारा पारशी मालक होता. त्याची बोट कोचीनपर्यंत जायची. त्याने शेवटची ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला आणि बाला विचारलं, "तुला येतं वाचायला?" बा नाही म्हणाला. "मग शेवटी काय लिहिलंय ते ठाऊक नसेल तुला." बाने सांगितलं, अगदी शब्दाला शब्द. मालकाने कागद परत दिला आणि उद्या सकाळी ये म्हणाला. बाने त्याच्याकडे, तो थकेपर्यंत, काम केलं. रोज बोटीवर चढला की आधी टाकीचं झाकण उघडून, तळहातावर पाणी घेऊन चाखायचा, असं तिथले लोक मला सांगायचे.

तो कागद आमच्या घरी काचेत लावलेला होता. पाहुणे आले की बा मला किंवा जो शिकलेला असेल त्याला वाचायला सांगायचा. अव्वल दर्जाचा खलाशी, वारा आधी कळतो, असं चालू असताना तो पायाचा अंगठा खाजवत, बाहेर वाळत घातलेल्या जाळ्याकडे बघत बसायचा, शेजारच्या कुणाची तारीफ चाललीय असा. शेवटची ओळ आली की मान वर करायचा.

"हां," म्हणायचा. "ह्यो मी."